इस्तंबूलचा घोळ

शेलूत राहणाऱ्या माणसाने ‘सिटी ब्रेक’ घ्यावा, ही कल्पना माझ्या भाच्याची. तो जर्मनीत असतो आणि दर दोन महिन्यांनी कुठल्यातरी शहरात चार दिवस जाऊन दमून येतो. त्याला तिकडे सिटी ब्रेक म्हणतात. “मामा, एक शहर, चार दिवस, पाठीला एक सॅक. तुला नि मामीला सहज जमेल,” असं तो २०१९च्या मार्चमध्ये फोनवर म्हणाला. सहज हा शब्द त्याने माझ्या बाबतीत का वापरावा, हे मला अजून कळलेलं नाही. मी साधं कल्याणला चष्मा आणायला जायचं तरी आदल्या रात्री यादी करतो.

शिवाय आमची अडचण वेगळी आहे. मुंबईची माणसं सिटीतून ब्रेक घ्यायला आमच्याकडे येतात. पावसाळ्यात शनिवारी सकाळी कर्जत लोकल भरभरून येतात, पोरं धबधब्याखाली उभी राहतात, नेरळला उतरून माथेरान गाठतात, जाताना आमच्या इमारतीमागच्या भाताच्या खाचरात उभं राहून फोटो काढतात. बिल्डरांच्या जाहिरातींत आम्ही कायम ‘निसर्गाच्या कुशीत’ असतो. कुशीतल्या माणसाने ब्रेक घ्यायचा म्हणजे कूस बदलायची, आणि ती शहराकडेच बदलायला हवी.

शेलू कुठे, हे सांगायला हवं. मी फोनवर ‘शेलू’ म्हटलं की समोरचा म्हणतो, “सेलू? परभणीचं?” नाही. हे वांगणी आणि नेरळ यांच्या मधलं शेलू. गिरगावातल्या चाळीतून डोंबिवली, डोंबिवलीहून बदलापूर आणि बदलापूरहून शेलू असा आमच्या घराण्याचा प्रवास झाला. दर वेळी एक खोली वाढली आणि लोकलचा अर्धा तास वाढला. आता चार खोल्या आहेत आणि पुढची खोली बहुतेक खोपोलीला.

तर वांगणी ठाणे जिल्ह्यात आणि शेलू रायगडात. मधल्या चार-पाच मिनिटांत जिल्हा बदलतो आणि डब्यातलं कुणी मान वर करून बघत नाही. तिकडे इस्तंबूल आशिया आणि युरोप अशा दोन खंडांवर वसलंय म्हणून जगभरची माणसं विमानं करकरून जातात. मी हे हिला सांगितलं, तर ही म्हणाली, “मग वांगणीलाच जाऊन येऊ.”

पण मी पेटलो होतो. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केल्यावर नियोजन हा माझा रक्तगट झाला आहे. दोनशेपानी वही आणली, समास आखला, पहिल्या पानावर श्री लिहिलं आणि खाली ‘इस्तंबूल’. यापूर्वी याच पद्धतीने मी काश्मीर, अंदमान आणि श्रीलंका यांच्या वह्या पूर्ण केल्या आहेत. त्या तिन्ही ठिकाणी मी गेलेलो नाही. पण कुणालाही मी श्रीनगरमध्ये कुठला चौक कुठे लागतो ते सांगू शकतो.

पहिली बारा पानं विमानतळावरची होती. अतातुर्क विमानतळ, तिथून मेट्रो कुठे बदलायची, ट्राम कुठे धरायची, सगळं लाल-निळ्या शाईत. ती पूर्ण झाली आणि ६ एप्रिलला तिथल्या लोकांनी विमानतळच उचलून दुसरीकडे नेला. खरंच. पंचेचाळीस तासांच्या आत जुन्या विमानतळावरचं सगळं सामान ट्रकांत भरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या समुद्राच्या बाजूला नेलं आणि प्रवासी विमानं तिथून सोडायला लागले. मी बारा पानं फाडली. वहीच्या मागची बारा पानंही सुटी झाली, त्यात हिची भिशीची नोंद होती.

मग तारखा. श्रावणात ही बाहेरचं खात नाही. गणपती २ सप्टेंबरला. गौरी गेल्यावर आणि पितृपंधरवडा लागायच्या आत एक फट होती, ती मी पकडली. पण फटीच्या आतही वार असतात. हिचा सोमवारी उपास, गुरुवारी दत्ताचा वार, शनिवारी मारुतीचा. तिकडे टोपकापी राजवाडा मंगळवारी बंद आणि मोठा छपराखालचा बाजार रविवारी बंद. देवांचे वार आणि सुलतानांचे वार एका तक्त्यात बसवले तेव्हा लक्षात आलं, की गलाता पुलाशी मिळणारा तळलेला मासा पावात घालून खायला आमच्या चार दिवसांत एकटा बुधवार शिल्लक राहतो. त्या पदार्थाचं नाव बालिक एकमेक. बालिक म्हणजे मासा आणि एकमेक म्हणजे पाव. ‘आम्ही एकमेकांसाठी’ हे वाक्य इस्तंबूलमध्ये लग्नपत्रिकेपेक्षा बेकरीवर शोभेल.

या शोधानंतर मी तुर्की भाषेच्या नादी लागलो. हवा म्हणजे हवाच. साबणाला साबून, बदामाला बादेम, पनीरला पेयनिर, खिम्याला कियमा. हॉटेलात बिल मागायचं तर ‘हेसाप’ म्हणायचं, म्हणजे आपला हिशेब. फक्त ‘तमाम’ फसवा निघाला. तिथे तमाम म्हणजे ‘बरं, ठीक आहे’. तो मात्र मी ताबडतोब घरात लागू केला. ही काहीही म्हणाली की मी तमाम म्हणायचो.

आया सोफियाला वहीत अर्धं पान मिळालं: सम्राट जस्टिनियनने बांधून घेतलेलं चर्च, ५३७ साली पूर्ण, १४५३ला मशीद, विसाव्या शतकात संग्रहालय. पण तिच्यासमोर रस्त्याखाली जे टाकं आहे त्याला मी अकरा पानं दिली. पाटबंधारे खात्याचा माणूस दुसरं काय करणार! तेही जस्टिनियनचंच. जमिनीखाली ३३६ खांब, बारा रांगा, एकेका रांगेत अठ्ठावीस. पाणी मावतं सुमारे ऐंशी हजार घनमीटर, म्हणजे आठ कोटी लिटर. हे टाकं पुढे लोक विसरूनच गेले. सोळाव्या शतकात एक फ्रेंच विद्वान तिथे आला तेव्हा त्याला दिसलं, की वरच्या घरांतली माणसं तळघरातल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात आणि कधीकधी बादलीत मासाही येतो. खाली काय आहे, याची कुणी चौकशी केलेली नव्हती. पाणी येतंय ना, मग बास. हे वाचलं आणि इस्तंबूल मला एकदम आपलं वाटलं. आमच्या सोसायटीत टँकर कुठून येतो हेही कुणी विचारत नाही.

आता व्हिसा.

अमेरिकेचा किंवा युरोपचा व्हिसा आधीच ज्याच्या पासपोर्टवर आहे, त्या भारतीयाला तुर्कस्तानचा व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळतो. म्हणजे ज्याला कुठेही जाता येतं, त्याला इथेही जाता येतं. आमचे पासपोर्ट कोरे. आम्हाला कागदांचा गठ्ठा घेऊन मुंबईत समक्ष जायचं होतं. बँकेचा उतारा शिक्क्यासह, तीन वर्षांची आयकर विवरणं, विम्याचा कागद, तिकिटाचा कागद, हॉटेलचा कागद आणि ‘आपण का जाऊ इच्छिता’ याचं पत्र. पत्रात मी टाक्याबद्दल दीड पान लिहिलं. ते वाचून ही म्हणाली, “हे वाचल्यावर त्यांना वाटेल तुम्ही पाणी चोरायला चाललाय.”

फोटो नेरळला काढले. फोटोग्राफर लग्नाचे फोटो काढणारा. त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, मान तिरकी केली आणि “काका, जरा लाजून” म्हणाला. तो फोटो व्हिसाला चालला नाही. पण घरात फ्रेम करून ठेवला आहे.

अपॉइंटमेंट संगणकावर घ्यायची होती. सगळ्या तारखा भरलेल्या आणि मधोमध एक दिवस अख्खा मोकळा, शुक्रवार, २६ जुलै. मी आनंदाने बटण दाबलं. हिने नुसतं विचारलं, “तारीख बघितलीत का?”

मुंबईच्या पंचक्रोशीत २६ जुलैला काय झालं होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. २००५ साली त्या दिवशी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आमच्या खात्यातही हा आकडा कितीतरी दिवस कुणी मोठ्याने उच्चारत नसे. तारीख मोकळी का आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी म्हणालो, “चौदा वर्षं झाली त्याला. वीज एकाच झाडावर दोनदा पडत नाही.” ही म्हणाली, “तमाम.”

सकाळी सात चाळीसला घरातून निघालो. बायकोचे कागदही माझ्याकडेच, कारण दोघांनी भिजण्यात अर्थ नाही असं ती म्हणाली. डब्यात दादरपर्यंत उभा. ही तक्रार नव्हे, शेलूच्या माणसाला उभं राहणं हा आसनाचाच प्रकार वाटतो. चौथी सीट मिळाली तर आम्ही घरी फोन करतो.

खिडकीवरच्या मुलीने गठ्ठा चाळला. “सर, राहणार कुठे? सेलू? परभणीहून आलात?” मी तिला भूगोल सांगितला. ती पुढची पानं उलटत गेली आणि बँकेच्या उताऱ्याशी थांबली. सात पानांवर शिक्का होता, आठव्यावर नव्हता. आठव्या पानावर एकच ओळ होती, व्याजाचे एकशे बारा रुपये. त्या एकशे बारा रुपयांसाठी मी बँकेची एक शाखा गाठली. तिथे शिक्का होता पण शिक्का मारणारे जेवायला गेले होते, ते आल्यावर शाई नव्हती. शाई आल्यावर त्यांनी उतारा वाचला आणि मला ठेवी वाढवायचा सल्ला दिला. परत खिडकीपाशी पोचलो तेव्हा ती मुलगी पर्स उचलून निघाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, छत्रीच्या गळणाऱ्या टोकाकडे पाहिलं, पर्स खाली ठेवली आणि गठ्ठा घेतला. पुढे वर्षभर मी कुणालाही तिचं कौतुक सांगत असे. नाव विचारायचं राहिलं.

दोन्ही पासपोर्ट तिथे ठेवून, हलक्या मनाने, पोटात साबुदाण्याचा एक वडा टाकून मी रात्री कर्जत लोकलमध्ये चढलो. पाऊस आता पडत नव्हता, ओतत होता. अंबरनाथ सोडल्यावर गाडी चालण्यापेक्षा विचार जास्त करू लागली. पावणेअकराला बदलापूरला येऊन जी थांबली, ती थांबलीच. पुढे रुळांवर पाणी होतं. उल्हास नदी आमच्या शेलूला, बदलापूरला वळसे घालत जाते. उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला धीर लागतो, पण त्या रात्री तिने पात्रात राहायचं नाकारलं होतं.

हिला फोन लावला.

“पाणी कुठपर्यंत आलंय?”

“पार्किंगमध्ये. तुमच्या स्कूटरचे आरसे दिसतायत अजून.”

“आणि?”

“आणि काय! वर आहे मी, समोरच्या वहिनी आहेत, पिठलं केलंय. पासपोर्ट कुठायत?”

“दिले.”

“म्हणजे घरातल्या तेवढ्याच दोन वस्तू कोरड्या,” ती म्हणाली आणि बॅटरी वाचवायला फोन ठेवला.

गाडी तीन तास थांबली की डब्याचं गाव होतं. कुणी वर्तमानपत्र अंथरून आडवं झालं, कुणी डबा झटकून पोळीचा कोपरा शोधला. नेरळचे एक भजनी बुवा होते, त्यांनी टाळ काढले आणि गर्दीचा रागरंग बघून परत ठेवले. माझ्या समोर कर्जतचा एक तरुण होता, औषधांच्या कंपनीत कामाला. त्याच्या शेजारी वांगणीत राहणारे पण मूळ नगरचे एक गृहस्थ. मी प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली, फक्त ओली झाली का बघायला. नगरकरांनी शीर्षक वाचलं. “इस्तंबूल? कंपनी पाठवते का?”

“नाही, सिटी ब्रेक.”

डबा ऐकू लागला. आणि तिथून पुढे रात्रभर माझ्या सहलीचं नियोजन बदलापूर स्टेशनात साठ-सत्तर माणसांनी केलं.

तोपहाने नावाचा ट्राम थांबा आहे म्हटल्याबरोबर नगरकर सावरून बसले. “तोफखाना? तो आमच्या नगरला आहे!” मी म्हणालो, नुसतं नाव नाही, नातंही आहे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरला ओतली गेली आणि ती ओतणारा माणूस ‘रूमी’ म्हणवत असे. रूम म्हणजे तेव्हाच्या बोलण्यात तुर्कांचा मुलूख. नगरकरांना गहिवरून आलं. “म्हणजे ते आपल्याकडे यायचे काम शोधायला,” ते म्हणाले, “आणि आता तुम्ही पैसे भरून तिकडे निघालात.”

मग मी चूक केली. मार्मारायबद्दल बोललो. मार्माराय म्हणजे इस्तंबूलची लोकल. बोस्फरसच्या खालून, साठेक मीटर खोलवरून, आशियातून युरोपात जाते. बोगदा २०१३ला सुरू झाला आणि २०१९च्या मार्चमध्ये दोन्ही बाजूंना ती पूर्ण लांबीची झाली. गेब्झे ते हाल्काली, श्याहत्तर किलोमीटर, त्रेचाळीस स्टेशनं.

“समुद्राखालून?” बुवा म्हणाले.

“समुद्राखालून.”

“आणि पाणी येत नाही?”

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रूळ दिसत नव्हते. एक चप्पल शांतपणे फलाटाच्या कडेने कल्याणच्या दिशेने निघाली होती, आणि त्या रात्री त्या बाजूला काही चाललं असेल तर ती एकटीच.

कर्जतच्या तरुणाने हिशेब केला. “श्याहत्तर किलोमीटर म्हणजे काका, आपलं शेलू ते सीएसटीच झालं जवळजवळ. किती वेळ लागतो?”

“दोनेक तास.”

“म्हणजे तुम्ही एवढे लाखभर रुपये घालून तिकडे जाणार आणि दोन तास लोकलमध्ये बसणार?”

“विंडो मिळते का पण?” मागून कुणीतरी विचारलं. त्यावर दोन तट पडले. सकाळच्या वेळी युरोपकडे जाणाऱ्या गाडीला गर्दी असणार, ऑफिसं तिकडे असणार, तेव्हा आधी उलट्या दिशेने आशियातल्या टोकाला जाऊन तिथून बसून यावं, असा ठराव झाला. आम्ही बदलापूरला चढण्यासाठी अंबरनाथला जाणारी माणसं आहोत, आम्हाला हे जन्मजात कळतं. मी तो ठराव वहीत लिहून घेतला.

दोनच्या सुमारास डब्यात उकडायला लागलं म्हणून फलाटावर उतरलो. छपराखाली भाजीवाल्या टोपल्या उपड्या करून बसल्या होत्या. आमच्या बाजूच्या वाड्यांवरच्या या बायका पावसाळ्यात टाकळा, कुरडू, कंटोळी घेऊन लगेजच्या डब्यातून कल्याण-डोंबिवलीला जातात आणि रात्री रिकाम्या टोपल्या घेऊन परत येतात. त्यांतल्या एका म्हातारीला मी तोंडओळखीने ओळखत होतो. शेलूच्याच गाडीला असते. तिने बसायला पोतं सरकवलं.

“मगाधरनं काय वाचून दाखवतोस रे बाबा, पोथी हाय का?”

मी सांगितलं. परदेशातलं शहर. सात तास विमान.

“तिथं पाऊस लागतो का?”

“हिवाळ्यात लागतो. आत्ता नाही.”

“मग भाजी कशी होते?” तिने विचारलं, आणि खाण्याच्या पानावर मी छापून चिकटवलेल्या चित्रांकडे बघू लागली. मोबाइलचा उजेड धरला. एका चित्रावर तिने बोट ठेवलं. दह्यातली एक हिरवी पालेदार कोशिंबीर, खाली मी लिहिलेलं: ‘सेमिझोतू. स्थानिक भाजी. आपल्याकडे मिळत नाही. आवर्जून खाणे.’

“ही तर घोळ हाय.”

“नाही हो मावशी, ही तुर्कस्तानची–”

ती माझं ऐकतच नव्हती. टोपलीच्या तळाशी केळीच्या पानाखाली हात घालून तिने एक जुडी काढली, विकायची राहिलेली. देठ लालसर, जाड, पाण्याने तट्ट भरलेले; पानं छोटी, मांसल, टोकाला गोल, देठाला चिकटून बसलेली. दिवसभर टोपलीत राहूनही मलूल झाली नव्हती. चित्राशेजारी धरली. एकच. मी नखाने पान तोडून चावलं. आंबूस, बुळबुळीत, लहानपणी आई ताकातली करायची ती चव. बांधाबांधावर, कुंडीत, फरशीच्या फटीत उगवणारी घोळ. आमच्या इमारतीच्या पायऱ्यांजवळची मी स्वतः उपटून फेकली होती, मे महिन्यात, सोसायटी स्वच्छ दिसावी म्हणून.

“ने,” ती म्हणाली. “आता कुठं विकली जातेय.”

मी पैसे काढले. तिने हात मागे घेतला. “रातचं पैसं नको. गाडीत भेटलास की दे.”

तीननंतर मोबाइलवर बातमी आली. आमच्या पुढे गेलेली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मधे पाण्यात अडकली होती. चारी बाजूंनी पाणी, आत हजारावर माणसं. डब्यात एकाएकी कुणी बोलेना. कोपऱ्यातला एक विशीचा मुलगा उठून उभा राहिला, बसला, परत उठला. त्याचे आई-वडील त्या गाडीत होते, अंबाबाईला निघालेले. फोन लागत नव्हता. बुवांनी त्याला जवळ बसवून घेतलं. कुणी ‘काळजी करू नकोस’ म्हटलं नाही. पाऊस पत्र्यावर एकसारखा वाजत होता.

बऱ्याच वेळाने तो मुलगाच माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही बोला ना. त्या पुलावर मासे कुठले मिळतात म्हणालात?”

मग मी बोललो. उजाडेपर्यंत बोललो. टाक्याची अकराच्या अकरा पानं वाचली, एकेक रांग. खालच्या दोन खांबांखाली मेदूसाचं दगडी डोकं आहे, एक आडवं आणि एक उलटं, हे सांगितलं. तो प्रत्येक वेळी मान हलवत होता आणि अंगठ्याने फोनचं बटण दाबत होता.

सकाळी बदलापूरच्या लोकांनी पातेल्यांतून चहा आणला, पार्ले-जीचे पुडे फोडून वाटले. दुपारपर्यंत बातमी आली. एनडीआरएफच्या बोटी, नौदल, हवाई दल, आसपासच्या गावची माणसं, सगळ्यांनी मिळून त्या गाडीतले सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले, त्यात नऊ गरोदर बायका होत्या. मुलाच्या वडिलांचा फोन लागला तेव्हा तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. आधी शिवी दिली त्याने, एवढंच सांगतो.

पाणी उतरल्यावर टेम्पो, टमटम आणि पाय असं करत मी शनिवारी रात्री साडेआठला घरी पोचलो. सदतीस तास. तेवढ्या वेळात विमानाने इस्तंबूलला दोनदा जाऊन येऊन तिसऱ्यांदा पोचता आलं असतं. हिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या जुडीकडे.

“व्हिसाच्या ऑफिसात भाजी देतात?”

व्हिसा आला. सप्टेंबरात आम्ही गेलो. इस्तंबूल चांगलं आहे. आया सोफियाचा घुमट बघताना हिची मान अवघडली, मांजरं जिकडेतिकडे आणि लाडावलेली आहेत, आणि टाक्यातले खांब मी मोजायला घेतले ते चाळीसाव्याला चुकलो. मार्मारायमध्ये ठरावाप्रमाणे उलट दिशेने जाऊन बसलो आणि खिडकी मिळाली. बोगद्यात खिडकीतून काहीच दिसत नाही, हे ठराव करताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बुधवारी मासा खाल्ला. गुरुवारी एका खाणावळीत सेमिझोतू मागवली. पांढऱ्या बशीत, लसणाचं दही, वर तेलाची धार. हिने एक घास घेतला आणि खाणावळीतली सगळी माणसं वळतील अशा आवाजात म्हणाली, “अहो, ही घोळ आहे!” आमच्या घरात इतका आनंदी घोळ त्याआधी झाला नव्हता. मी ‘हेसाप’ मागितला. त्यांनी तो आणला.

पुढच्याच वर्षी जुलैत आया सोफिया पुन्हा मशीद झाली आणि वहीचं ते अर्धं पानही जुनं झालं. २०२५च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आमचा गलाता पुलावरचा जुना फोटो टाकून खुलासा मागितला. मी लिहिलं, आम्ही तिथे घोळ खाल्ली होती, सफरचंद नाही. त्यावर कुणाचं समाधान झालं नाही.

म्हातारी भेटली ती सहलीहून परतल्यावर आठवड्याने, शेलूच्या फलाटावर, सकाळच्या गाडीला. टोपलीत जुड्या रचत होती. मी त्या रात्रीचे दहा रुपये पुढे केले. तिने ते कनवटीला लावले.

“मिळाली का तिथं?”

“मिळाली. सेम हीच.”

“केवढ्याला?”

मी मनात हिशेब केला. लिरा तेव्हा बारा रुपयांच्या थोडा वर होता. “एक बशी सव्वादोनशे रुपये.”

तिने हातातली जुडी खाली ठेवली. माझ्याकडे, मग जुडीकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. गाडी फलाटाला लागत होती. शेजारणीला तिने तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

“दे एक,” मी दहाची नोट काढत म्हणालो.

“पंधरा,” ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घ्यायला मला हात लावायला लावला.